एक कोटी एक आणि माझी मिशी

हसा, हसा! पण ही मिशी कशी गेली ते ऐकलंत तर गणिताच्या वाटेला जाणार नाही.

धुळ्यात आमच्या चौकात दगडूभाऊ न्हावी आहे. परवा त्याने आपल्या अहिराणी ढंगात विचारलं, "नाना, एक कोटी एक ही मूळ संख्या शे का?" मी चहा पिता पिता ठोकून दिलं, "शंभर टक्के! कशानेच भाग जात नाही." त्या भरवशावर पठ्ठ्याने शेजारच्या शिंप्याशी मिशीची पैज लावली.

काल दाढीला बसलो. गळ्यावर वस्तरा टेकला तेव्हा आरशात पाहिलं, तर दगडूभाऊचा ओठ सपाट!

"अकराने भाग जातो, नाना," तो शांतपणे म्हणाला आणि माझ्या मिशीला साबण फासला. "भागाकार नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव. तो तरी मूळ शे का? मोबाइलला हात लावायचा नाही."

वस्तरा नाकाखाली आला. "मूळ," मी कसंबसं पुटपुटलो.

"तपासू." त्याने बाकावरच्या गिऱ्हाइकांना कागद वाटले. कुणी सातने भागतोय, कुणी तेराने, असं करत वर्गमूळापर्यंत, म्हणजे साडेनऊशेच्या जरा पुढे गेले. साबण वाळला, मान आखडली. दर भागाकाराला कुणीतरी ओरडायचं, "बाकी उरली!" आणि मी पुढच्याची वाट बघायचो.

शेवटी दगडूभाऊ म्हणाला, "बरोबर निघालं." मी श्वास सोडला, तेवढ्यात वस्तरा सर्रकन फिरला.

"अरे, बरोबर निघालं ना?"

"दोन उत्तरं दिली, नाना. एक चुकलं, एक बरोबर आलं. म्हणून अर्धीच काढली."

उरलेली काढ म्हणून मग मीच हात जोडले.