आईने ठेवलेली अंडी

तुला आईच्या अंड्यांचं सांगितलं का? वाघोलीला घरामागे तिच्या आठ कोंबड्या होत्या. उरलेली अंडी ती बरणीत चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवायची, महिनोन्महिने टिकायची. अमेरिकेतून दादा फोनवर चिडायचा, "अगं, फ्रिज दिलाय ना घेऊन?"

आई गेली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. दोन महिन्यांनी कंपनीच्या कामासाठी पुण्यात आला, घरी एकच दिवस. मी भुर्जी केली.

खाता खाता म्हणाला, "कोंबड्या कोण बघतं आता?"

"त्या देऊन टाकल्या. ही अंडी आईनेच ठेवलेली."

त्याचा घास हातातच राहिला. मग खाली मान घालून त्याने ताट पुसून खाल्लं.

"अजून किती आहेत?"

"चार."

दादाने तिथूनच फोन लावला आणि परतीचं तिकीट चार दिवस पुढे ढकललं.