डॉक्टर बेर्तोलीनींचा दाखला

रोसारिओत म्हाताऱ्यांनाही फुटबॉल खेळायचा तर डॉक्टरचा दाखला लागतो. दवाखान्यात माझ्या शेजारी दोन साठीचे खेळाडू बसले होते, आघाडीवर खेळणारा एवारिस्तो आणि गोलरक्षक नासारेनो.

"रविवारी मागे पळायचंच नाही, नासारेनो. चेंडू त्यांच्याकडे गेला की त्यांच्याच गोलापाशी आम्ही चौघं अंगावर जाणार. मान वर करू द्यायची नाही. हाच आपला बचाव."

"आणि तुमच्या डोक्यावरून कुणी चेंडू मारला म्हणजे? मागे सगळं रान मोकळं, आणि त्यात मी एकटा, बुजगावणं!"

"मारायला सवड मिळाली तर ना! त्यांचा तो मागचा जाड्या अंगावर गेलं की भांबावतो. त्यालाच धरायचा."

"हळू बोल. त्या जाड्याच्याच दारात बसलायस."

"म्हणजे?"

"पाटी वाच. डॉक्टर बेर्तोलीनी."

"अरे देवा! नंबर तूच लावलास ना?"

"लगेच मिळाला म्हणून लावला."

"आता काय सांगू त्याला? पळवत नाही म्हटलं, तर दाखला नाही. पळवतं म्हटलं, तर डाव फुटला."

"डाव केव्हाच फुटलाय. दार उघडंच आहे."

आतून एवारिस्तोला हाक आली. दहा मिनिटांनी तो कागद घेऊन बाहेर आला.

"दिला का रे?"

"दिला. हृदय घोड्याचं आहे म्हणाला."

"मग तोंड का पाडलंस?"

"खाली वाच. 'खेळण्यास हरकत नाही. मात्र सोमवारपर्यंत समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात धावण्यास सक्त मनाई.'"

"वा! चला, मला मागे सोबत झाली."