पंपाची खंडेनवमी

...आणि वर मलाच म्हणतात, भांडखोर! तुम्हाला सांगते, सोळा वर्षं हुबळी-धारवाडात बातमीदारी केली, मंत्र्यांना घाम फोडला, गोकुळ रोडच्या कारखान्यांचा धूर छापला, पण सातव्या महिन्यात दमा घेऊन सासूबाईंसमोर उभं राहणं... अय्यो! उठल्यापासून एकच, "खा गं, दोन जिवांची आहेस!" पण दोन जिवांचा श्वास घे, असं कुणी म्हणेल तर शपथ!

डॉक्टरीणबाई कंठशोष करून सांगतात, पंप, म्हणजे इनहेलर, सोडू नका, बाळाला पंपाची भीती नाही, तुमचा दम कोंडला तर त्याची भीती. पण आमच्या शेजारीण अंबूताई! आमच्या अख्ख्या उणकल भागात त्यांचीच बिनडिग्रीची प्रॅक्टिस चालते. सासूबाईंना म्हणतात, "अक्का, पंपाची सवय लागते हं! पोरगं पंप धरूनच बाहेर येईल." येऊ दे की! स्वतःचा आणला तर माझा तरी वाचेल!

शेवटी मी सासूबाईंना ठणकावलं, "आई, शिपायाला बंदूक तसा मला पंप. हत्यार आहे ते माझं!" पटलं. इतकं पटलं की खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडली, विळी, पक्कड, आमच्या ह्यांच्या, म्हणजे सुमंतच्या, स्कूटरची किल्ली, माझा कॅमेरा आणि मधोमध झेंडू वाहून, कुंकू लावून... माझा पंप! वर उदाचा असा धूर की देवसुद्धा खोकला असेल. माझी छाती कुकरसारखी वाजायला लागली. हात पुढे केला, तर अंबूताई किंचाळल्या, "पूजेतलं हत्यार उद्या दसऱ्यालाच उचलायचं!" आणि तोवर मी काय करू? सुमंत म्हणतो, "थोडं ॲडजस्ट कर की." श्वास ॲडजस्ट कर! वर अंबूताई प्रसादाची वाटी पुढे करतात, "खा, दोन जिवांची आहेस!" अहो, श्वास...

वाक्य पुरं होईना. ओठ निळे पडले असावेत, कारण सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलंच नाही, झेंडू भिरकावला, पंप पदरानं पुसला, खळखळ हलवला आणि माझ्या तोंडात कोंबला. "ओढ!" ओढला. थांबून पुन्हा ओढला. खिडक्या उघडल्या, ऊद परसात गेला, हळूहळू छाती मोकळी झाली आणि आतून सणसणीत लाथ बसली. जागं आहे म्हणायचं!

म्हटलं, भांडायची हीच वेळ. छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं, तर सासूबाई अंबूताईंना सुनावतात, "पुढल्या खंडेनवमीला दोन पंप आणणार. एक पूजेला, एक ओढायला."

सोळा वर्षांत पहिल्यांदा... भांडण सोडून मी प्रसादाची वाटी पुढे ओढली.