चोरखिशाची पर्स

...आणि वर मलाच म्हणतात, तू फार विचार करतेस. मी विचार करते? अहो, या गावात मासे धरायला परवाना लागतो. तलावाकाठी गळ टाकून बसलात आणि खिशात परवाना नसला, की वनखात्याचा माणूस झुडपातून उगवतो. कुत्रा पाळायला परवाना लागतो. माझी मैत्रीण लोकांचे केस कापते, तर तिला कितीतरी महिने खोट्या डोक्यावर कात्री चालवून, परीक्षा देऊन, परवाना काढावा लागला. का, तर उद्या कुणाचा कान कापला गेला तर? बरोबर आहे, कान जपलेच पाहिजेत. पण पिस्तूल कमरेला खोचून, वर शर्ट सोडून जत्रेत हिंडायचंय? परवाना लागत नाही.

पूर्वी लागायचा, हेच तर दुखणं आहे. परवान्यासाठी एक दिवसाचा वर्ग असायचा, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये. गोळी कधी झाडता येते, कधी झाडली की आपणच आत जातो, हे सांगायचे. निम्मे लोक डुलक्या काढत, पण झोपेत का होईना, कानावर पडायचं. मग कायदा बदलला. परवाना गेला, त्याच्यामागून वर्ग गेला. मागे राहिलं काय? पिस्तूल.

तुम्हाला सांगते, बॉस्टनला कायदा शिकत होते तेव्हाच ठरवलं होतं, परत जायचं ते आपल्या गावी, ओझार्कच्या डोंगरातच. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या बाजूने कोर्टात उभं राहायचं. आले. बघते तर काय... माझी ऑलेटा आत्या, जिने मला लहानाची मोठी केली, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करायला तयार नाही, चष्मा असतो तो कुठेतरी विसरलेला. गाडी चालवायचा परवाना सरकारने काढून घेतला, कारण बाईंनी मागच्या हिवाळ्यात टपालपेटीला धडक दिली आणि उतरून तिची माफी मागितली. आता ती पायी फिरते. आणि पर्समध्ये पिस्तूल.

मी म्हटलं, "आत्या, तुला गाडी चालवू देत नाहीत, मग हे कसं चालतं?"

"अगं, गाडीला परवाना लागतो."

"आणि याला?"

"लागत नाही," अशी म्हणाली, जणू मी विचारलंय, श्वास घ्यायला पैसे पडतात का.

मला रात्रंदिवस एकच भीती. म्हातारीला एखादा धूसर आकार दिसणार, ती घाबरणार, आणि उद्या मला माझ्याच आत्याची केस लढायला लागणार. म्हणून मी वर्ग काढला. फुकट. दर बुधवारी, चर्चच्या तळघरात. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी मागे सरा'. आता आमचा कायदा म्हणतो, तुम्ही जिथे हक्काने उभे आहात तिथून मागे सरायची तुमच्यावर सक्ती नाही. मान्य. पण सक्ती नाही म्हणजे बंदी आहे का? एक पाऊल मागे गेलं तर सरकार पकडून नेतं का? हे मी फार पोटतिडकीने सांगितलं. समोर कोण होतं? आत्या. आणि तिने आणलेली मसाला भरलेल्या अंड्यांची थाळी.

आत्या म्हणते, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. लोक म्हणतात, परवाना लागत नाही तर वर्ग कशाला? गायीला शिंगं असतात, ती वर्गाला जाते का?"

आता या पर्सचं सांगते. आमच्या चर्चच्या महिला मंडळाने मदतनिधीसाठी पर्सेस विकल्या. तपकिरी चामडं, खाली झालर, पुढे टाक्यांचा क्रूस आणि बाजूला चेन लावलेला चोरखिसा, बरोबर पिस्तुलाच्या मापाचा. चर्चमध्ये पिस्तूल आणायचं तर पाद्रीबाबांची संमती हवी. ती त्यांनी प्रवचनाच्या आधीच देऊन टाकलेली, आणि त्यांचा स्वतःचाही कोट एका बाजूला जरा झुकलेलाच असतो. झालं, अख्ख्या गावाने एकसारखी पर्स घेतली. का, तर पिस्तूल ओळखू येऊ नये. ते येत नाही. कुठली पर्स कुणाची, तेही येत नाही.

मी परत आले तेव्हा आत्याने मलाही एक दिली. नको कशी म्हणणार? मी त्या चोरखिशात डबा ठेवायला लागले. मिरची घातलेल्या चीजचं सँडविच, आत्याच्याच हातचं. मापात बसतं.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणलेला, पर्सेस पियानोवर ढीग करून ठेवलेल्या. जाताना मी माझी उचलली. सोमवारी सकाळी माझी कोर्टात मुलाखत, ज्या नोकरीसाठी परत आले त्याच नोकरीची. पायऱ्या चढताना पर्स जड लागली. मला वाटलं, मनावर दडपण आलंय.

कोर्टात तेवढी पिस्तुलाला बंदी, म्हणून दारात तपासणीचं यंत्र आणि यंत्रापाशी बर्ल. हा पूर्वी आमची शाळेची बस चालवायचा. यंत्र ओरडलं. बर्लने चोरखिसा उघडला, आत बघितलं, आणि इतक्या मायेने म्हणाला, "कॉरलिन, पोरी... तूसुद्धा?"

"बर्लकाका, ही पर्स माझी नाही."

"असू दे, असू दे. सगळ्याजणी तेच म्हणतात."

त्याच्या मागे खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीला तीच तपकिरी पर्स, झालर, क्रूस. गाडीची नोंदणी करायला येणाऱ्या बायका विसरून आत घेऊन येतात, तो शांतपणे टांगून ठेवतो, जाताना देतो. आणि माझ्या मागे रांगेत कॉफीचा पेला घेऊन कोण? पेटिग्रूबाई. गरिबांना फुकट वकील देणाऱ्या कचेरीच्या प्रमुख, माझी मुलाखत घेणार त्या.

मी घाईघाईने सुरू केलं, बाई, पर्स माझी नाही, आत काय होतं मला माहीत नव्हतं, कुणाशी तरी अदलाबदल झाली, मी तर पिस्तुलाला आयुष्यात हात लावलेला नाही... पेटिग्रूबाईंनी कॉफीचा घोट घेतला. म्हणाल्या, "माझे सगळे अशील अगदी याच क्रमाने बोलतात. बर्ल, तुझा हिच्यावर विश्वास बसला?"

"बसला म्हणजे काय, ऑलेटाची भाची आहे ही."

"आणि परवा तो कोंबड्यांच्या कारखान्यातला पोऱ्या हेच म्हणाला, तेव्हा का पकडून दिलंस?"

बर्लने खुंट्यांकडे बघितलं. "तो... ओळखीचा नव्हता."

"त्याची केस तुझी," बाई मला म्हणाल्या. "मुलाखत झाली. वर ये. पर्स इथेच टांग."

तुम्हाला वाटेल, आनंद झाला असेल. झाला ना, जिना चढेपर्यंत. मग डोक्यात आलं, पिस्तूल आत्याचंच आहे, मुठीवर चर्चचं स्टिकर, ते फक्त तीच लावते; बर्लने खिसा उघडला तेव्हा दिसलं होतं. म्हणजे आत्याकडे माझी पर्स. म्हणजे आज तरी आत्याच्या हातात पिस्तूल नाही. इतकं हलकं वाटलं की मी तिला लगेच फोन लावला.

"बरं झालं फोन केलास," आत्या म्हणते. "आज मी एकाला अडवलं."

"अडवलं? कशाने?"

झालं असं. आत्या वाणसामानाच्या दुकानातून निघाली. मागून धावत पावलं. वळून बघते तर एक दांडगा आकार आणि त्याच्या हातात काहीतरी चकाकतंय. आत्याने चोरखिशात हात घातला, हाताला लागलं ते बाहेर काढलं, दोन्ही हातांनी समोर धरलं आणि म्हणाली, "तिथेच थांब."

तो थांबला. तो होता लान्वी, दूरच्या मार्शल बेटांवरून आलेला, माझ्या केसमधल्या पोऱ्यासारखाच कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणारा. हातात चकाकत होता आत्याचा चष्मा. दुकानात विसरली होती. आणि आत्याने त्याच्यावर रोखलं होतं सँडविच.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तो 'थँक यू, मावशी' म्हणाला आणि खाल्लं. माझा चष्मा माझ्या डोळ्यांवर लावून दिला. तेव्हा कळलं, अरे, हा तर चांगला हसतो."

"आत्या, पर्स बदलली नसती तर?"

आत्या हळूच म्हणाली, "हो गं. मीपण मघापासून तेच म्हणतेय."

त्या बुधवारी वर्गाला तळघर भरून बायका. माझ्या पोटतिडकीमुळे? छे. गावभर झालं होतं, ऑलेटाची भाची भर कोर्टात पिस्तूल घेऊन गेली. "पोरीत दम आहे, हिच्याकडून शिकायला हरकत नाही." मी म्हटलं, या कारणाने तर या कारणाने. पण माझी एक अट, वर्गात पिस्तूल नाही, सगळ्यांनी पर्सेस मागच्या खुंट्यांना टांगायच्या. टांगल्या. माझीही टांगली, आत्याने परत दिलेली, आत नवं सँडविच.

पहिल्या रांगेत लान्वी. पर्स नसलेला तो एकटा. आत्याने त्याला हाताला धरून आणला होता. त्याने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मागे सरायचं ते समजलं. पण समोरचीने पर्समध्ये हात घातलेला दिसला, तर मी काय करायचं?"

हे बॉस्टनलाही शिकवलं नव्हतं. बायका चुळबुळल्या. आत्या म्हणाली, "तू थांब, म्हणजे आम्हाला चष्मा शोधायला वेळ मिळेल." हसल्या सगळ्या. पण हसून झाल्यावर त्यांनी वह्या काढल्या, आणि मी जे सांगितलं ते खरंच उतरवून घेतलं. मला रडू यायचं बाकी होतं.

वर्ग सुटला. निरोपानिरोपी झाली, थाळ्या आवरल्या, सगळ्याजणी खुंटीवरून पर्सेस घेऊन गेल्या. मागे एक राहिली. मी उचलली. जड.

दुसऱ्या दिवशी घरोघर फोन केले. एकीचीही तक्रार नाही. सगळ्या म्हणतात, "हो, पिस्तूल आहे ना, जागेवर आहे." कुणाचं, ते बघायची कुणाला गरज वाटत नाही. म्हणजे आता गावात कुणाचं पिस्तूल कुणाकडे आहे देवाला ठाऊक, आणि कुणा एकीच्या चोरखिशात सँडविच आहे. ती कोण, हे वेळ आल्यावरच कळणार.

आत्या म्हणाली, "मग आपण सगळ्यांच्याच पर्समध्ये सँडविच घालू या. दर बुधवारी करून वाटू." इतक्या दिवसांत या गावात मी ऐकलेलं पहिलं शहाणपणाचं बोलणं. लगेच नगरपालिकेत गेले, रीतसर विचारलं. खिडकीवरच्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

सँडविच वाटायला परवाना लागतो.