अम्माचा मेसेज

जमलेल्या आयाबहिणींनो, वडीलधाऱ्यांनो,

अम्माच्या या शोकसभेत तिचा जवळचा माणूस म्हणून तुम्ही मला उभं केलंत. मी जवळचा होतो की नाही, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

मी दिनेश. बसस्टँडमागे ऑनलाइन अर्ज भरून देतो. अम्मा पाकिस्तानातून, सिंधमधून जळगावला आली त्याला बरीच वर्षं झाली. पापड विकत पाचोरा-भडगावचे बाजार फिरली. अहिराणी आपल्यापेक्षा गोड बोलायची. फक्त कागदावर परकी होती. नागरिकत्वाचा अर्ज तिने माझ्याकडेच भरला. अर्ज पुढे सरकला की शपथ घ्यायला बोलावतात, आणि ते बोलावणं मोबाईलवर येतं.

मी मोबाईल नंबर विचारला, तर हसली. "भाऊ, मनाजोडे कुठला मोबाईल?" मी माझाच नंबर टाकला. दुकानात ही आमची रीतच आहे. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्या अर्जावर माझा नंबर.

दर सोमवारी ती पायरीवर यायची. "भाऊ, मना मेसेज उना का?" मी मान वर न करता म्हणायचो, "नाही अम्मा." दर सोमवारी. फोन न बघता! एकदा तर गिऱ्हाइकांसमोर खेकसलो, "आला की सांगेन ना! किती डोकं खातेस?" ती ओशाळली. म्हणाली, "राग नको करू, भाऊ. शपथना दिनले नवी ओढणी ली ठेयेल शे, म्हनीसन इचारस."

परवा मृत्यूच्या दाखल्यासाठी तिचे कागद शोधताना मी फोन चाळला. मेसेज होता. चार महिन्यांपूर्वीचा. मूळ कागद घेऊन शपथेला या, असा. जाहिरातींच्या ढिगात तो मी उघडलाच नव्हता. तेव्हा अम्मा चांगली चालती-बोलती होती हो.

सरकारला नावं ठेवायची सोय मला नाही. मेसेज वेळेवर आला होता. काल हे मी तिच्या सुनेला सांगितलं. ती उठली. आत गेली आणि शपथेसाठी घेऊन ठेवलेली ती ओढणी आणून माझ्यासमोर ठेवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मला स्वतःची लाज वाटते.

तुमच्यातल्या किती जणांच्या अर्जावर माझा नंबर आहे? सभा संपली की मी इथेच बसतो, फोन उघडून. आपापला मेसेज बघून घ्या. माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवू नका.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. त्याआधी, तिने इतके सोमवार विचारलं, त्याचं उत्तर तिच्याच बोलीत देतो.

अम्मा, तुना मेसेज उना व्हता. मीच दखा नही.