दोनच फेरे

ती खुर्ची नको मॅडम, डुगडुगते — ही घ्या. तर काय सांगत होतो — हां, भरती. परवाची भरती मोठी होती, पाणी बांधावरून आत आलं, विषय संपला. तुम्ही तपासायला आलात, तसं लिहून टाका. बावीस वर्षं या बांधाच्या दारावर राखणीला आहे मी, डोळ्यांत तेल घालून! पक्षी अंड्यांवर असले की दार उघडायचं नाही म्हणजे नाही. दोन महिने दाराच्या चाकाला हात लावलेला नाही — काय? वंगण ताजं आहे? खारी हवा हो, गंजतं. बांध कोरडा कसा? ऊन बघा की केवढं आहे! आणि आतल्या बेटावरची घरटी सुखरूप आहेत, सतराच्या सतरा. सुरय पक्ष्यांचं घरटं ते काय, वाळूत नुसता खळगा, शेजारी आमची नंबराची काठी. तुमच्या जुन्या फोटोत काठ्या खाली आहेत? असतील. पक्षी शहाणे, सरकले वर. — काठ्या कशा सरकल्या म्हणता... पाणी घेता? बरं, मीच पितो.

माझा धाकटा भाऊ आहे, मॅडम. आतल्या अंगाला त्याचं कोळंबीचं तळं. पाणी तापलं, कोळंबी वर येऊन तडफडायला लागली. दादा, थोडंसं सोड, म्हणाला. पाठचा भाऊ, कसं नाही म्हणू? अहो, अकरा फेऱ्यांचं चाक, त्यातले दोनच दिले! अर्ध्या तासात बंद करणार होतो — भावजयीनं चहा टाकला, बसलो, बोलत राहिलो. परत येतो तर पाणी खळग्यांना टेकलेलं. दार बंद केलं, कंबरभर पाण्यातून बेटावर गेलो, टोपीत अंडी भरली, उंचावर नवे खळगे केले, ज्याची काठी त्याच्याशेजारी — नंबरात एक चूक नाही! पण नंबर आपण वाचतो हो, ती पक्षीण थोडीच वाचते? ही दुर्बीण घ्या. खाली, चिखलात बघा. बसलीय ना? परवापासून तिथंच बसते, रिकाम्या जागेवर, आणि जोडीदार तिला मासा आणून देतो. अंडी वर उन्हात. जवळ गेलो तर सगळे डोक्यावर तुटून पडतात, मलाच हाकलतात.

लिहा, दोन फेरे लिहा. भावाचं नको — बरं, त्याचंही लिहा. आणि निघा आता, मॅडम. ऊन चढलं, मला छत्री घेऊन वर जायचंय.