चौथ्या नंबरचे पोहे

तरणतलावाबाहेर, पोह्यांच्या रांगेत माझ्यापुढे ओल्या केसांच्या एक काकू आणि स्पर्धा भरवणारा तरुण बोलत होते.

"वसुंधराकाकू, सॉरी हां. यंदा वयाऐवजी स्पीडनं ग्रुप केले, अन् तुमचं मेडल गेलं."

"जाऊ दे रे. सत्तरीच्या ग्रुपमध्ये दरसाल कोण असायचं?"

"तुम्हीच."

"एकटीच. आरामात पोहायची अन् पहिली यायची."

"आज चौथ्या आलात."

"हो, पण बाजूला ती भंवरकुआं भागातली हॉस्टेलवाली पोरगी होती ना, नवीनच शिकलेली? जेमतेम हातभर पुढे होती. बाहेर आल्यावर म्हणते, 'आंटी, आपने तो डरा दिया, लगा आगे निकल जाओगी.'"

"मग?"

"मग काय, प्रणव भिया? इतक्या वर्षांत मला कुणी घाबरलं नव्हतं. आज पोहे माझ्याकडून."